मामांचा दोन नळ्यांचा सेट

बेळगावपासून समुद्र फार लांब नाही, तरी आमच्या खानापूर तालुक्यात पोहायला शिकायचे ते बावीतच. विहिरीला आम्ही बाव म्हणतो. पाठीला वाळका भोपळा बांधून ज्या बावीत मी हातपाय मारायला शिकलो, त्याच बावीत १९८४ साली पाण्याखाली श्वास घ्यायलाही शिकलो. शिकवणारे होते मामा, म्हणजे आईचे मावसभाऊ. नौदलातून पाणबुड्या म्हणून निवृत्त होऊन ते वास्कोच्या बंदरात तेच काम करीत होते आणि सुटीवर येताना आपला जुना सेट घेऊन येत.

कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये बनवलेल्या, पाण्याखाली श्वास घ्यायच्या उपकरणाच्या घराण्यातला तो सेट होता. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली दाबाची हवा श्वासाजोगी करून देणारा भाग, तोंडाशी नव्हे, तर पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध असे. तिथून घड्या-घड्यांच्या दोन रबरी नळ्या मानेच्या दोन्ही बाजूंनी तोंडापर्यंत येत. उजवीतून हवा घ्यायची आणि डावीतून सोडायची. बुडबुडे मानेमागून निघत असल्यामुळे डोळ्यांसमोरचे पाणी अगदी स्थिर राहत असे, आणि ते सुख मला नंतरच्या कुठल्याही सेटमध्ये मिळाले नाही. फुगवायचे जाकीट त्यात नव्हते, हवा किती उरली ते दाखवणारे मीटरही नव्हते. कमरेच्या पट्ट्याची शिशाची वजने आम्ही बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओळखीच्या फौंड्रीत काळ्या वाळूच्या साच्यात ओतून घेतली होती. भरलेली सिलिंडरे गोव्यात भाजी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून अनमोड घाटाने येत. त्यामुळे हवेच्या प्रत्येक श्वासाला आमच्याकडे मोल होते.

पहिले दोन दिवस मामांनी मला पायऱ्यांवर छातीभर पाण्यात बसवून फक्त श्वास घ्यायला लावला. नळीत पाणी शिरले, तर डाव्या कुशीवर वळून जोराने फुंकायचे, म्हणजे ते सोडायच्या नळीतून बाहेर पडते, ही एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडून पन्नासदा तरी करवून घेतली. मी कंटाळून खाली सरकू लागलो की ते म्हणत, "घाई कशाला करालास? पाणी कुठं पळून जात न्हाई."

तिसऱ्या दिवशी ते मला गाठी मारलेल्या दोरीच्या आधाराने ३० फुटांवर घेऊन गेले. त्यांच्या मनगटावर खोली मोजण्याची बारीक काचनळी होती. तिचे एक तोंड उघडे असते. खोल जावे तसे आत पाणी शिरते, हवा दबते आणि पाण्याची कड आकड्यावर येऊन थांबते. दोरी ३० फूट सांगत होती आणि काचनळी ३२. वर आल्यावर मी नळी बिघडली म्हणालो, तेव्हा त्यांनी समजावले की आकडे समुद्रासाठी आखलेले आहेत, आणि आपण साडेसातशे मीटर उंचीवर, गोड्या पाण्यात आहोत; इथे वरची हवाच विरळ असल्यामुळे नळीतली हवा जास्त दबते. मग त्यांनी तळाशी नेऊन एका फुग्यात थोडी हवा भरली आणि तो सोडला. वर जाता जाता तो जवळजवळ दुप्पट झाला. "ही तुझी छाती. वर येताना श्वास कोंडायचा न्हाई बघ," एवढेच ते म्हणाले, आणि त्या एका फुग्याने मला जे समजले, ते शाळेत बॉइलचा नियम पाठ करूनही समजले नव्हते.

हवा संपत आली हे कळायचे ते श्वासावरून. श्वास जड होऊ लागतो, जणू कोणी नळी दाबून धरली आहे. मग पाठीमागची तारेची दांडी खाली ओढायची, की व्हॉल्व्हने राखून ठेवलेली शेवटची हवा मोकळी होते आणि तेवढ्यावर वर यायचे.

डिसेंबरात लोंढ्यावरून मीटरगेज गाडीने आम्ही वास्कोला गेलो आणि ग्रँड बेटाजवळ समुद्रात उतरलो. सुमारे ३५ फुटांवर श्वास जड झाला, म्हणून मी शांतपणे मागे हात नेला. दांडी आधीच खाली होती. होडीतून उतरताना ती कशाला तरी अडकली असावी, आणि मी हात फिरवून पाहिले नव्हते. राखीव हवा मी नकळत वापरून टाकली होती. पुढच्या श्वासाला काहीच आले नाही.

मी मामांचा दंड पकडला आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला. त्यांनी आधी माझ्या खांद्याचा पट्टा घट्ट धरला, मग मोठा श्वास घेऊन आपल्या तोंडातले रबर काढले आणि डोक्याच्या थोडे वर धरले. ते रेग्युलेटरपेक्षा वर गेले की हवा आपोआप भळभळू लागते आणि नळीत पाणी शिरत नाही. दोन श्वास मी, दोन श्वास ते. रबर त्यांच्याकडे असताना मी ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. वर येताना मिनिटाला ६० फूट, सर्वांत लहान बुडबुड्याच्या पुढे जायचे नाही, असा तेव्हाचा नियम होता. आज त्याच्या निम्म्या वेगाचा सल्ला देतात. मला वर पळायचे होते आणि मामांची मूठ मला पळू देत नव्हती. त्यांचे डोळे मास्कमधून सतत माझ्याच डोळ्यांवर होते.

होडीत ते रागावले नाहीत. दांडी वर करून माझा हात धरून तिच्यावरून तीनदा फिरवला, बस्स. संध्याकाळच्या गाडीने परतायचे ठरले होते, तेही त्यांनी रद्द केले. समुद्रातून निघून लगेच घाट चढू नये, अंगात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरतो आणि सांधे दुखू लागतात, हे त्यांनी आधीच सांगितले होते, आणि आज तर ते ऐकूनच घेईनात. त्यांच्या खोलीत चटईवर झोपलो. रात्री दोनदा मला जाग आली, कारण मामा कंदील घेऊन उशाशी बसून माझा खांदा आणि कोपर चाचपत होते.

"सांधे दुखालेत काय रे?"

"न्हाई, मामा."

"मग झोप."