नळीच्या आतला व्यास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहून द्या, असा निरोप आला. स्नेहसंमेलने आणि सहली यांवर इतर जण लिहितीलच, असे गृहीत धरून मी एका काचेच्या नळीविषयी लिहायचे ठरवले. ३० सेंटीमीटर लांबीची ही केशनलिका, म्हणजे अगदी बारीक भोकाची नळी, आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात, अगदी खालच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली असे. मी दहावीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या सरांनी आम्हा तिघांवर एक काम सोपवले: या नळीतून पाच मिनिटांत किती पाणी वाहील हे आधी गणिताने काढायचे आणि मगच मोजून पाहायचे. क्रम उलटा चालणार नाही, ही त्यांची अट होती.

सूत्र अभ्यासक्रमात नव्हते. सरांनी ते फळ्यावर लिहून दिले. दर सेकंदाला वाहणारे आकारमान हे नळीच्या दोन टोकांमधील दाबाच्या फरकाच्या आणि त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर नळीची लांबी आणि द्रवाची श्यानता, म्हणजे आमच्या भाषेत चिकटपणा, यांच्या व्यस्त प्रमाणात असते. पुढे पाय (π) भागिले आठ हा गुणक लावायचा. सूत्राला ज्यांचे नाव आहे त्या प्वाझय यांना आम्ही बिनदिक्कत ‘पॉइसुली’ म्हणत असू. ते फ्रेंच वैद्य होते आणि त्यांचा मूळ प्रश्न रक्त बारीक वाहिन्यांतून कसे वाहते हा होता, हे सरांनी आवर्जून सांगितले होते. रक्तदाब मोजण्यासाठी १८२८ मध्ये पाऱ्याची नळी वापरणाऱ्या या माणसाने पुढे रक्त बाजूला ठेवून, एका मिलिमीटरहून बारीक काचेच्या नळ्यांतून पाणी सोडून हा नियम शोधला. जर्मन अभियंता हागेन यांनीही १८३९ मध्ये पितळी नळ्यांवर प्रयोग करून स्वतंत्रपणे तोच नियम मांडला होता, म्हणून पुष्कळ ठिकाणी दोघांचीही नावे जोडून घेतात.

दुपारी शाळेतले नळ कोरडे पडत, त्यामुळे पाणी सकाळीच बादलीत भरून ठेवावे लागे. पत्र्याच्या डब्याला वरच्या बाजूला भोक पाडून आम्ही सांडवा केला, म्हणजे पातळी हलणार नाही. पातळी आणि आडवी नळी यांच्यात २० सेंटीमीटरचे अंतर ठेवले. पाण्याचे तापमान २७ अंश होते आणि त्या तापमानाची श्यानता सरांनी कोष्टकातून दिली. नळीचे तोंड भिंगाखाली धरून पट्टीने मोजले, तेव्हा व्यास १ मिलिमीटर भरला. गणिताने उत्तर आले ५६.६ मिलिलिटर. मोजपात्रात प्रत्यक्षात जमले ४२.

आम्ही घड्याळाला दोष दिला, डब्याला दिला, एकमेकांनाही दिला. सरांनी फक्त एवढेच विचारले, की चौथा घात कोणत्या राशीचा आहे, आणि तीच राशी तुम्ही सर्वांत घाईने का मोजलीत? मग त्यांनी नळीत पाऱ्याचा बरोबर १० सेंटीमीटर लांबीचा धागा ओढायला लावला आणि तो पारा तोलायला सांगितला. (आज कोणतीही शाळा मुलांच्या हाती पारा देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) वजन ०.९३ ग्रॅम भरले. पाऱ्याच्या घनतेने भागून आकारमान काढले, त्यावरून व्यास काढला, तर तो ०.९३५ मिलिमीटर निघाला. व्यासात साडेसहा टक्क्यांची चूक, आणि तेवढ्याने प्रवाहात जवळजवळ एक चतुर्थांश फरक पडला होता. नवे उत्तर ४३.३ आले. उरलेला एकसव्वा मिलिलिटर सरांनी आम्हाला हातचा धरू दिला नाही. डब्यात स्थिर असलेल्या पाण्याला नळीत शिरताना गती द्यावी लागते, तिथेही दोनेक टक्के दाब खर्च होतो, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले.

तेवढ्यावर प्रकरण मिटले असते. पण सरांनी तोच धागा नळीच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवला, तर तो १०.४ सेंटीमीटर लांब झाला. म्हणजे नळी त्या बाजूला किंचित अरुंद होती. “मग सूत्रात कोणती त्रिज्या घालाल?” असे त्यांनी विचारले. आम्ही सरासरी असे उत्तर दिले. ते होही म्हणाले नाहीत आणि नाहीही.

त्याचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळाले, तेव्हा मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रेझिनच्या, म्हणजे राळेसारख्या चिकट पदार्थाच्या, कारखान्यात नोकरी करत होतो. मधासारखे दाट रेझिन वाहून नेणाऱ्या दोन इंची लाइनमधून माल यायचा कमी झाला आणि तो नेहमीच्या जेमतेम पाव हिश्श्यावर आला. सगळ्यांचा रोख पंपावर होता; पंप दोनदा उघडून झाला. दाबमापकावरचा दाब मात्र रोजच्याइतकाच होता. दाब तोच, मालाचे तापमान तेच, लांबी तीच. उरली त्रिज्या, आणि तिच्याविषयी आमच्याकडे फक्त आराखड्यावरचा आकडा होता. लाइन जोडांवर उघडली, तेव्हा सुमारे निम्म्या लांबीत आतून रेझिनचा थर घट्ट बसून ५० मिलिमीटरची मोकळी वाट ३० वर आली होती. बाकीची निम्मी लाइन स्वच्छ होती.

त्या रात्री घरी मी वहीवर सरांचा प्रश्न सोडवला. सरासरी व्यास ४० मिलिमीटर धरला, तर प्रवाह ४१ टक्के यायला हवा होता. पण लाइनचे तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येकातून तेवढाच माल जातो आणि प्रत्येकाचा अडथळा बेरजेत येतो. म्हणून सरासरी घ्यायची ती त्रिज्येची नव्हे, तर त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्ताची. स्वच्छ निम्म्याचा अडथळा १ मानला, तर अरुंद निम्म्याचा ७.७ होतो, आणि प्रवाह २३ टक्क्यांवर येतो. आपल्या केशनलिकेत दोन टोकांमधला फरक दोनच टक्क्यांचा असल्याने आमची सरासरी तिथे खपून गेली असती. सर गप्प राहिले होते ते बहुधा त्यामुळेच.