पार्टच्या आत पार्ट

चाकणच्या एका कारखान्याचा डेटाबेस ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर आणायचा होता. टेबलं, इंडेक्स, बऱ्याचशा प्रोसीजर टूलनेच ओढून नेल्या. अडलं ते बीओएमपाशी, म्हणजे कुठल्या असेंब्लीत काय काय बसतं त्या यादीपाशी. जुन्या डिझाइनमध्ये यादीची प्रत्येक ओळ एक ऑब्जेक्ट होती आणि तिच्यात त्याच टाइपचा रेफ, वरच्या ओळीकडे बोट दाखवणारा. ओरॅकलला हे चालतं, कारण रेफमध्ये अख्खी ओळ नसते, नुसता तिचा पत्ता असतो.

पोस्टग्रेसमध्ये रेफ नाही. पण आमच्या आर्किटेक्टचा हट्ट, ‘डिझाइन जसंच्या तसं ठेव, क्लायंटला फरक दिसता कामा नये.’ (क्लायंट डिझाइन कधी उघडून बघतो, कोण जाणे.) पोस्टग्रेस प्रत्येक टेबलाच्या नावाचा कंपोझिट टाइप (टेबलाचे सगळे कॉलम एकत्र बांधलेला डेटाचा प्रकार) आपोआप बनवतं, म्हणून टेबलाला त्याच टाइपचा कॉलम जोडून बघितला. एरर आली: हा टाइप स्वतःचाच घटक होऊ शकत नाही. ॲरे, म्हणजे त्या टाइपची रांग, केला, तीच एरर. ॲरेवर डोमेन, म्हणजे असलेल्या टाइपला दिलेलं नवं नाव, चढवलं, तीच. मधे दुसरं टेबल घालून वळसा घेतला, तरी तीच! प्रत्येक पळवाट कुणीतरी आधीच बुजवून ठेवलेली. मला तर मजा यायला लागली होती. पोस्टग्रेसचा सोर्स कोड उघडला, तर तपासणारं फंक्शन ॲरे, डोमेन, कंपोझिट सगळ्यांच्या आत शिरून बघतं. बरोबरच आहे, टाइपची व्याख्या उलगडत जाणारा कोड अशा ठिकाणी थांबेल कुठे?

‘मग जेसनबीत टाक,’ आर्किटेक्ट म्हणाला. जेसनबी म्हणजे ठरलेला साचा नसलेला कॉलम. त्यात काहीही मावतं, तोच तर त्रास.

शेवटी वरच्या ओळीचा नंबर ठेवणारा साधा पॅरेंट आयडी, तो नंबर खरंच अस्तित्वात आहे हे बघणारी स्वतःच्याच टेबलावर फॉरेन की, आणि झाड पायरी-पायरीने उतरायला विथ रिकर्सिव्ह ही क्वेरी. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १४ पासून फेरा ओळखणारा सायकल क्लॉज आहे, त्यामुळे गोल फिरण्याची भीतीही नाही.

फॉरेन की मात्र लागेचना. बऱ्याच ओळींचे रेफ कधीच डिलीट झालेल्या ओळींकडे बोट दाखवत होते. ओरॅकलमध्ये रेफवरही फॉरेन की लावता येते, पण मूळ डिझाइन करणाऱ्याने ती लावलीच नव्हती. असा लटकता रेफ डीरेफ केला, म्हणजे त्या पत्त्यावरची ओळ मागितली, की गुपचूप नल (काहीच नाही) मिळतो, आणि कॉस्टिंग रिपोर्ट नल सोडून पुढे जायचा. स्टोअरला फोन केला. ‘अहो, यातले कितीतरी पार्ट आजही रोज लाइनवर जातात.’

आर्किटेक्टचं म्हणणं, फॉरेन की ‘नॉट व्हॅलिड’ लाव आणि मोकळा हो. जुन्या ओळी तपासल्याच जात नाहीत. मी त्या ओळी वेगळ्या टेबलात काढल्या आणि यादी कॉस्टिंगवाल्यांना पाठवली. त्यांनी एवढंच विचारलं, ‘मागच्या वर्षांचे आकडे बदलतील का?’ बदलतील, असं कळवलं. त्यानंतर त्यांचा मेल आलेला नाही. मायग्रेशनचा साइन-ऑफ मात्र झाला.