फॉर्ममधला शिफारशीचा रकाना

माणूस धर्मामुळे अतिरेकी होतो की परिस्थितीमुळे, हा वाद निघाला की दोन्ही बाजू सोयीची उदाहरणं काढून बसतात. त्यापेक्षा एक फॉर्म बघू.

इसिस या अतिरेकी संघटनेत जायला सीरियाच्या हद्दीत शिरलेल्या माणसाकडून 23 प्रश्नांचा छापील फॉर्म भरून घेतला जाई. 2013-14 मधले असे हजारो फॉर्म 2016 च्या सुरुवातीला बाहेर फुटले. नाव, आईचं नाव, रक्तगट, शिक्षण, आधीचा कामधंदा, कुठले देश फिरलास, नुसता लढणार की आत्मघाती हल्ला करणार. तळाशी मृत्यूची तारीख. ती जागा अर्थात मागाहून दुसऱ्याने भरायची. आपल्या तहसील कचेरीलाही लाजवेल असा कारभार.

त्यात शरीयतचं ज्ञान किती, असाही एक रकाना होता. एपी या वृत्तसंस्थेने फॉर्म चाळले तेव्हा सुमारे 70 टक्के जणांपुढे 'प्राथमिक' अशी नोंद सापडली. 'मध्यम' 24 टक्के आणि 'प्रगत' जेमतेम 5. शिवाय ज्यांचं ज्ञान प्रगत होतं, ते आत्मघातासाठी नाव द्यायला इतरांपेक्षा कमी उत्सुक होते. सीरियाला जाऊन आलेल्या ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या दोन तरुणांवर 2014 मध्ये खटला चालला, तेव्हा निघण्याआधी त्यांनी इस्लामची तोंडओळख करून देणारी पुस्तकं ऑनलाइन मागवली होती असं उघड झालं. बाराखडीपासून सुरुवात!

म्हणून धर्म निर्दोष सुटला का? नाही. भरती झालेल्याला शस्त्रांच्या आधी शरीयतच्या वर्गात बसवत. पाटी कोरी असली की संघटनेला हवं ते लिहिता येतं, आणि कोणाला मारायचं, मेल्यावर काय मिळणार, हे त्याच पाटीवर येतं. ईस्टरच्या प्रार्थनेची वेळ साधून चर्च उडवणं बेकारीतून सुचत नाही.

परिस्थितीवाल्यांचं उत्तर ठरलेलं: गरिबी, बेकारी, अपमान. पण श्रीलंकेत 21 एप्रिल 2019 ला, ईस्टरच्या दिवशी, चर्च-हॉटेलांवरच्या हल्ल्यांत ज्यांनी स्वतःला उडवलं, त्यांत दोन सख्खे भाऊ कोलंबोतल्या गडगंज मसाला व्यापाऱ्याचे मुलगे होते. आणखी एक जण ब्रिटन-ऑस्ट्रेलियात शिकून आलेला. अपमानाची भावना खरी असते, ती नाकारण्यात अर्थ नाही; पण ती लाखोंना असते आणि जातात मूठभर.

मग कोण जातं? फॉर्ममध्ये आणखी एक रकाना होता: शिफारस कोणाची? माझ्या मते वादाचं उत्तर इथे जास्त सापडतं.

2007 मध्ये इराकातल्या सिंजारजवळ अमेरिकी सैन्याच्या हाती तिथल्या अल कायदाच्या परदेशी लढवय्यांच्या याद्या लागल्या. गावाची नोंद असलेल्यांत लिबियातल्या दर्ना या गावचे 52 जण होते आणि रियाधचे 51. रियाध लाखोंचं शहर, तर दर्नाची वस्ती लाखभरही नाही. लिबियाच्या इतर गावांत धर्म तोच, गद्दाफीही तोच. फरक एवढाच की दर्नात आधी गेलेल्यांचे भाऊ, मित्र, शेजारी होते. बोस्टन 2013, पॅरिस जानेवारी 2015, ब्रसेल्स मार्च 2016: तिन्हीकडे हल्लेखोरांत सख्खे भाऊ. 2014 मध्ये कल्याणहून इसिससाठी इराकला गेले तेही चौघं मिळून, यात्रेकरूंच्या जथ्यातून; त्यांत इंजिनिअरिंग शिकलेले होते.

निदान चुकलं की उपायही चुकतो. धर्म हेच कारण धरलं की अख्ख्या वस्तीवर पाळत बसते, आणि ज्या बापाने घाबरून पोरगं बिघडत असल्याचं सांगितलं असतं तो गप्प बसतो. बेकारी हेच कारण धरलं की शिवणयंत्रं वाटली जातात आणि भरती करणारा मोकळा फिरतो.

श्रीलंकेतल्या त्या टोळीचा म्होरक्या पूर्व किनाऱ्यावरच्या कात्तानकुडी गावचा. त्याच्याविरुद्ध तक्रारी करणारे आधी तिथलेच मुसलमान, त्यातही सूफी. मार्च 2017 मध्ये त्यांच्याशी हाणामारी झाल्यावर तो फरार झाला. भारताने हल्ल्याचा इशारा 4 एप्रिल 2019 ला दिला होता. तक्रारीही होत्या आणि नावही ठाऊक होतं. मधल्या सतरा दिवसांत त्याला कोणी उचललं नाही.