मेलेल्या अळ्या

"मॅडम, मेलेल्या अळ्या कशाला बघायच्या?"

आज प्रॅक्टिकलला एका मुलीने विचारलं. "जर्नलमध्ये आकृती काढायचीय ना," म्हणत मी पुढे गेले. दिवसभर ते टोचत राहिलं.

खरं उत्तर जर्मनीतल्या हायडेलबर्गचं आहे. तिथे क्रिस्टिआने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस हे शास्त्रज्ञ एकाच सूक्ष्मदर्शकाला दोघं मिळून डोळे लावून फळमाशीच्या अशाच, एखादं जनुक बिघडून मेलेल्या अळ्या बघत बसायचे. कुठला पट्टा गायब आहे? काटे कुठे जास्त आलेत? त्यातून १९८० साली अळीच्या शरीराचे पट्टे ठरवणारी १५ जनुकं मांडली. अंगभर काटे आलेल्या अळीमुळे एका जनुकाचं नाव पडलं हेजहॉग, म्हणजे काटेरी अंगाचा एक छोटा प्राणी. आपल्यातल्या त्याच्याच एका भावंड-जनुकाशिवाय आपल्या हाताची बोटं नीट घडत नाहीत!

१९९५चं नोबेल नंतरचं. मला ती न कंटाळणारी नजर जास्त मोठी वाटते.

उद्या त्या मुलीला आधी तिचीच बोटं बघायला सांगणार आहे.