साधी घेऊ का लिथियम?

बॅटऱ्यांवर संशोधन करते म्हटलं की बेळगावात पुढचा प्रश्न ठरलेला: "मग घरात इन्व्हर्टरला कुठली घेऊ, साधी का लिथियम?" साधी म्हणजे लेड-ॲसिड, शिसं आणि गंधकाम्लाची. मी उलट विचारते, "तुमच्याकडं करंट कितीदा जातो?" आणि समोरचा वैतागतो. डॉक्टरकडं जावं आणि त्यानंच आपल्याला रोग विचारावा, तसं वाटत असणार.

पण उत्तर तिथंच दडलेलं असतं. माझं काम म्हणजे मुळात एक भागाकार. वर बॅटरीचा सगळा खर्च: खरेदी, पैशावरचं व्याज, देखभाल, आणि शेवटी भंगारातून आलेले पैसे वजा. खाली, मरेपर्यंत तिनं प्रत्यक्षात दिलेली युनिटं. पर्यावरणाचा हिशेब मांडताना वर रुपयांऐवजी कार्बन नाहीतर शिसं येतं; खालचा आकडा तोच राहतो. न वापरता जुनी झालेली बॅटरी म्हणून दोन्हीकडून महाग.

आकडे सोपे धरते. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची साधी बॅटरी १६ हजारांची. कागदावर तिच्यात १.८ युनिट मावतात, पण आयुष्य टिकवायचं तर निम्मीच उपसायची, म्हणजे ०.९. अशी १२०० वेळा चालली तर युनिटला १५ रुपये पडतात. लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची, ३० हजारांची धरा, दर खेपेला १ युनिट, ४००० खेपा. साडेसात रुपये. विकणारे इथं थांबतात, कारण आकडा निम्म्यावर आलेला असतो.

आता व्याज धरा, १० टक्के. लिथियमचे सगळे पैसे पहिल्याच दिवशी जातात, साधीचे दर नव्या बॅटरीला, हप्त्याहप्त्यानं. वर साधी मेली की भंगारवाला ४ हजार देतो असं समजू. वर्षाला ३०० खेपा असतील आणि लिथियमचं वय फार तर बारा वर्षं धरलं, तर साधी पडते साडेपंधरा रुपयांना आणि लिथियम पावणेपंधराला. फरक जवळजवळ गेलाच! आमच्या टिळकवाडीतल्या घरासारखं वर्षातून वीसेक वेळाच तिची गरज लागत असेल, तर खेपा संपायच्या आत बॅटरी वयानंच मरते, आणि साधीच थोडी स्वस्त ठरते. मात्र युनिट २०० रुपयांच्या घरात जातं. हे विजेचे पैसे नव्हेत, अंधारात बसायचं नाही याचे.

मग अथणीकडच्या एका चपलांच्या दुकानाचा हिशेब केला. छतावर सोलर, संध्याकाळी शिलाई मशीन आणि दिवे बॅटरीवर. बॅटरी पत्र्याखाली, उन्हाच्या भिंतीला चिकटवून. झाकणावर पांढरी भुकटी, टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा थर, आणि एका तरंगत्या दांडीवरची पाण्याची खूण पार बुडालेली. बॅटरीवर छापलेलं आयुष्य २५-२७ अंशांचं असतं. लेड-ॲसिड १० अंश जास्त तापात कायम राहिली तर ते निम्म्यावर येतं. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, इथली हवा तिला मानवते; अथणीच्या पत्र्याखाली नाही. आयुष्य निम्मं धरून तोच भागाकार केला तर युनिट २७ रुपयांवर गेलं. लिथियमलाही ऊन सोसत नाही, पण इतका फटका बसत नाही.

"म्हणजे माझी बॅटरी वाईट नव्हती?" दुकानवाल्या मामांनी विचारलं.

"नव्हती मामा, भिंत वाईट होती."

राहिला पर्यावरणाचा हिशेब. शिशाचं पुनर्वापरात मोठं नाव आहे, आणि ते खोटं नाही: भंगारवाला स्वतः दारात येतो. पण आला की पहिला प्रश्न, "पाण्यासकट देताय का काढून?" आणि काढून म्हणजे बहुतेकदा नालीत. ते पाणी नव्हे, गंधकाम्ल असतं, शिसं मिसळलेलं. अहवालात 'पुनर्वापर' हा एकच रकाना असतो, नालीचा रकाना मला अजून कुठं दिसलेला नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटची गोष्ट उलटी. तिच्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही. म्हणून काँगोतल्या कोबाल्टच्या खाणींचं ओझं नाही. त्याच कारणानं मेल्यावर तिच्यातून काढण्यासारखं फार उरत नाही, म्हणून ती मागायला कुणी दारात येत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. कायदा चांगला आहे. गावच्या दुकानापर्यंत तो पोचायचाय.

मामांनी शेवटी लिथियम घेतली. आतल्या खोलीत, भिंतीपासून हातभर लांब ठेवायला लावली. बिलावर 'जुनी झाल्यावर परत घेऊ' एवढं लिहून द्या म्हटलं, तर विकणारा हसला, "अजून बारा वर्षं आहेत की मॅडम, तेव्हा बघू."