गार्गॉइलचा घसा

फोर्टमधल्या एका जुन्या गॉथिक इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या भिंतीला ओल धरली होती. दोन पावसाळे गच्चीवर वॉटरप्रूफिंग झालं, पैसे गेले, ओल तिथेच. जुलैत मला बोलावलं. मी जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करते.

मिस्त्री आणि मी परांचीवर चढलो. कठड्याखाली पोरबंदरी दगडातला एक प्राणी भिंतीबाहेर मान काढून बसलेला. अर्धं कुत्रं, अर्धी मगर. जबडा वासलेला आणि आत गच्च सिमेंट! शोभेची मूर्ती आहे, कबुतरं घाण करतात, म्हणून आधीच्या कंत्राटदाराने तोंड लिंपून टाकलेलं.

"मॅडम, हे तर गोमुख. हे कुणी बुजवतं का?" मिस्त्री म्हणाले.

गार्गॉइल म्हणजे राक्षसी मुखवटा, असं मी कॉलेजात पाठ केलं होतं. मिस्त्रींनी एका शब्दात त्याचं काम सांगितलं. मूळ जुना फ्रेंच शब्द 'गार्गुय', अर्थ घसा. गुळण्या करण्याला इंग्रजीत गार्गल म्हणतात, तोही याच कुळातला. कठड्यामागच्या पन्हळीतलं पाणी प्राण्याच्या पाठीवरच्या चरातून तोंडात येतं आणि भिंतीपासून लांब फेकलं जातं. लांब मानेचं कारण एवढंच, की दगडांच्या सांध्यांमधला चुना धुऊन जाऊ नये. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवर हनुवटी हातांवर टेकून बसलेला तो प्रसिद्ध शिंगवाला राक्षस खरं तर गार्गॉइल नाहीच. तो 19व्या शतकात वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूकने केलेल्या डागडुजीत आला. त्याच्या पोटातून पाण्याचा थेंबही जात नाही. अशांना शिमेर म्हणतात. फोटो मात्र त्याचेच जास्त.

सिमेंट काढताना जीव खालीवर होत होता. पोरबंदरी दगड मऊ, सिमेंट कडक. एक ठोका चुकला तर जबडाच हातात यायचा. मिस्त्री लहान छिन्नीने, दात कोरावेत तसे, तीन तास बसले. शेवटचा खडा निघाला आणि आत तुंबलेलं काळं पाणी, कुजलेली पानं, पिसं, सगळं घळघळ बाहेर आलं.

खाली वॉचमनने आपली स्कूटर लावली होती. भिंतीपासून चांगली हातभर लांब. नेमकी सीटवर धार.

"मॅडम, बरोब्बर पडतंय," मिस्त्री म्हणाले आणि वॉचमनच्या शिव्या ऐकत बिडी पेटवली.