नव्या पीसीलाच नेट का नाही?

धुळ्याकडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजचं नेटवर्क मी सांभाळतो. मे महिना, साडेदहाला ऑनलाइन परीक्षा, आणि नऊपासून फोन सुरू. ऑफिसात नेट व्यवस्थित, पण शेजारच्या खोलीत आत्ताच चालू केलेल्या पीसीला काहीच नाही.

आमच्याकडे एसडीएन, म्हणजे सॉफ्टवेअरने एका जागेवरून चालवलं जाणारं नेटवर्क आहे. डेटाचं पॅकेट कुठे जायचं हे स्विच, म्हणजे मशीन एकमेकांना जोडणारा डबा, ठरवत नाही. सर्व्हरवरचा कंट्रोलर हा प्रोग्रॅम ठरवतो आणि ओपनफ्लो या दोघांमधल्या ठरलेल्या भाषेतून स्विचमध्ये नियम लिहितो. कंट्रोलर गेला तरी लिहिलेले नियम चालतात. नव्या मशीनचं पहिलं पॅकेट मात्र वर विचारायला जातं, वर कोणी नसतं, ते टाकून दिलं जातं. वापरात नसलेले नियमही मुदत संपली की पुसले जातात. नेटवर्क एकदम पडत नाही, विझत जातं.

कंट्रोलरकडून ६६५३ या ओपनफ्लोच्या पोर्टवर उत्तर येईना. गच्चीखालच्या सर्व्हर रूमकडे धावलो, तर शिपाई दारातच म्हणाले, "दादा, ए.सी. तं रातलेच बंद पडना." सर्व्हर तापून बंद पडलेला. कंट्रोलर तीन होते, एक गेला तरी दोघांचं बहुमत राहावं म्हणून. बसवून देणाऱ्यांनी तिन्ही एकाच मशीनवर ठेवले होते! याला मी कामचुकारपणाच म्हणतो.

प्राचार्य सर म्हणाले, "सगळे स्विच साधे करून टाका." आमचे स्विच ओपनफ्लो १.३ चे, २०१२ च्या आवृत्तीचे. कंट्रोलरशी संपर्क तुटला की त्यात दोनच वाटा: फेल-सिक्युअर, म्हणजे लिहिलेल्या नियमांवरच चालत राहायचं, नाहीतर स्टँडअलोन. स्टँडअलोन केलं की स्विच जुन्या पद्धतीने चालू लागतो, पण होस्टेल, ऑफिस, परीक्षेची लॅब यांच्यामधल्या भिंतीही जातात, कारण त्या नियमांतच असतात.

मी नाही म्हणालो. लॅबपासून परीक्षेच्या सर्व्हरपर्यंत वाटेतल्या प्रत्येक स्विचवर हाताने नियम लिहिले. जाणारा, येणारा, आणि मशीनचा पत्ता विचारणाऱ्या एआरपीचा वेगळा. तो लिहायचा राहिला तर समोरच्या मशीनचा पत्ताच सापडत नाही. मुदत शून्य, म्हणजे आपोआप पुसले जाऊ नयेत. परीक्षा उशिरा सुरू झाली, पण झाली.

कंट्रोलर आता तीन वेगळ्या इमारतींत जातायत. सरांना मात्र सगळे स्विच कायमचे स्टँडअलोनवर हवेत. मी स्विचनिहाय यादी करतोय. लॅब सिक्युअरच राहणार, याबद्दल मला शंका नाही. अडलोय कोअर स्विचपाशी, म्हणजे बाकीचे स्विच जिथे येऊन जुळतात त्या मधल्या स्विचपाशी: तो सिक्युअर राहिला तर होस्टेलचा स्विच मोकळा, म्हणजे स्टँडअलोन, सोडून उपयोग नाही, आणि तो मोकळा केला तर होस्टेलमधून थेट ऑफिसच्या मशीनपर्यंत वाट उघडते.